शशीआजींची वाट आणि माझे कुलूप

जरा दमाने ढकला मित्रांनो, माझी बिजागरी आता कुरकुरते. मी एक जुने लाकडी फाटक आहे, मँचेस्टरच्या कडेला, ट्रॅमच्या थांब्याकडे जाणाऱ्या पायवाटेवरचे. माणूस वळून आत शिरेल पण गाय अडेल, अशी माझी घडण. इंग्रज लोक मला ‘किसिंग गेट’ म्हणतात. हसू नका, हे नाव काही मी ठेवलेले नाही!

एका सुताराने मला ओकच्या लाकडातून घडवले. तेव्हा हे कुरण कौन्सिलचे, म्हणजे इथल्या नगरपालिकेचे, म्हणून सगळ्यांचेच होते. शाळेची मुले, कुत्री फिरवणारे, ट्रॅम चुकू नये म्हणून धावणारे, सारे माझ्यातून जात. एकदा एका म्हाताऱ्याने माझ्या खांबावर थाप मारून “काय भक्कम काम आहे!” असे म्हटले होते. ते मी अजून विसरलेले नाही. पुढे मात्र कुणी तेलाचा थेंबही घातला नाही. अंगावर शेवाळ चढले. पण येणेजाणे चालू होते, म्हणून मला त्याचे दुःख नव्हते.

माझी सर्वांत जुनी मैत्रीण म्हणजे शशीआजी. सव्वीस वर्षांपूर्वी त्या नागपूरहून इथे राहायला आल्या. रोज सकाळी माझ्या खांबाला हात लावून हळूच पुटपुटत, “येऊ का रे बाबा?” आणि परतताना म्हणत, “येते हं.” न विचारता कुणाच्या दारात पाऊल टाकायचे नाही, ही त्यांची माहेरची शिस्त. इतका मान मला दुसऱ्या कुणी दिला नाही.

दोन वर्षांपूर्वी कौन्सिलने कुरण विकले. नव्या मालकाने मला साखळी गुंडाळून कुलूप ठोकले आणि ‘खासगी जागा’ अशी पाटी लावली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मोठ्या रस्त्याने थांबा दीड मैल लांब, त्यात फुटपाथ नाही आणि आजींचा गुडघा दुखरा. कुलूप हातात धरून त्या सुनेला म्हणाल्या, “देवयानी, आता ट्रॅम विसरायची. मी आपली घरातच बसते.”

देवयानी पुण्याची, इथे आयटीत नोकरी करणारी. ती म्हणाली, “आई, ही पायवाट कौन्सिलच्या मॅपवर नाहीये. पण लोकांनी वीस वर्षं उघडपणे, कुणाची परवानगी न घेता वापरली असेल, तर ती पब्लिकची होऊ शकते. आपण एव्हिडन्स देऊ या.”

दर रविवारी ती फॉर्म घेऊन माझ्यापाशी उभी राहू लागली. लोकांनी फॉर्म भरले, पण कुणी सहा वर्षे चाललेला, कुणी दहा. पुरी वीस वर्षे चाललेल्या एकट्या शशीआजी. त्यांनी आपला फॉर्म घरी बसून, स्वतःच्या हाताने भरून पाठवला.

काही महिन्यांनी कौन्सिलची अधिकारी तनिषा पायवाटेची पाहणी करायला आली, तेव्हा देवयानी आणि आजीही माझ्यापाशी आल्या होत्या. ती इथेच जन्मलेली, तिचे मराठी लंगडत चालणारे. “मोठा प्रॉब्लेम आहे,” ती म्हणाली. “परवानगी घेतली होती का, तिथे आजीने लिहिला आहे, ‘हो, रोज.’ ओनरचा वकील म्हणतो, मग केस संपला.”

देवयानीचा चेहरा पडला. “अहो आई, असं कसं लिहिलंत?”

“खोटं कशी लिहू? विचारायचेच मी.”

“आजी, कोणाला विचारला तुम्ही?” तनिषाने विचारले. “कौन्सिलला?”

“छे गं! याला.” आणि त्यांनी माझ्या खांबावर हात ठेवला.

तनिषा खोखो हसली. “गेट ओनर नाही आहे, आजी! त्याची परवानगी मोजत नाहीत!” तिने तिथेच नवा जबाब लिहून घेतला आणि आजींनी सही केली. मित्रांनो, आपण मुके असल्याचा मला जन्मात पहिल्यांदाच अभिमान वाटला.

तरीही निकालाला चौदा महिने लागले. एका वाऱ्याच्या सकाळी साखळी कापली गेली आणि शेजारी सार्वजनिक पायवाटेची खूण म्हणून पिवळ्या बाणाचा खांब उभा राहिला. आता ही वाट नकाशावर आहे. कुरण अजूनही त्या मालकाचेच आहे आणि त्याच्या मेंढ्या तिथे सुखाने चरतात. वाटेवर मात्र कुणालाही चालता येते.

पहिल्या दिवशी गवत गुडघाभर वाढले होते. जुनी वाट दिसतच नव्हती. आजी काठी टेकत पुढे निघाल्या, मागे देवयानी, मागे सारा मोहल्ला. संध्याकाळपर्यंत गवतात एक बारीक रेघ उमटली.

मित्रांनो, सगळ्यांची जागा वापरली नाही की हळूच कुणा एकाची होऊन बसते. तुमच्या घराजवळही अशी एखादी वाट असेल. तिच्यावर कचरा टाकू नका, फाटक मोडले तर कौन्सिलला कळवा. आणि मुख्य म्हणजे, चाला. या शनिवारी पाऊस नसला तर चाला, आणि असला, तो असणारच, तर छत्री घेऊन चाला.