मास्तरिणीची कॅसेट

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि सुरुवातीलाच सांगून ठेवतो, माझ्यात कसलाही बिघाड नव्हता. लोक माझ्याबद्दल काहीबाही बोलतात. "हा मध्येच अडतो," म्हणतात. मित्रांनो, आख्ख्या आयुष्यात मी एकाच जागी अडलो, आणि तिथेही अडलो तो मी नव्हे. मग कोण, ते सांगण्यासाठीच आज तोंड उघडले आहे.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने माझी मोटर बसवली, दुसरीने रबरी चाक, तिसरीने टेपवरचा आवाज वाचणारे छोटेसे हेड. शेवटी चष्मेवाला तपासनीस आला. टेप संपली की माझे बटण आपोआप वर उडते आणि 'खट्' असा आवाज होतो. त्याने ते पुन्हा पुन्हा करून पाहिले आणि म्हणाला, "याचं खट् झकास आहे." ही माझी पहिली शाबासकी. हे खट् लक्षात असू द्या. टेप संपली तरच ते वाजते, एरवी नाही.

मला विकत घेतले एका हौशी मामाने. त्याच्या घरी मी गाणी गायलो, लग्नात मिरवलो, पाहुण्यांनी माझे कौतुक केले. पुढे मामाला दूरची नोकरी लागली आणि त्याने मला बहिणीच्या इस्त्रीच्या दुकानात आणून ठेवले. तिथे मला कोणी विचारीना. टेबलावरच्या फळीवर मी वाफ खात बसलो. माझ्या डोक्यावर सुट्या बटणांची बरणी आली.

त्या बहिणीची मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्गात होती. शाळा सुटली की ती आईबरोबर इस्त्रीला उभी राही ती थेट दुकान बंद होईपर्यंत. साहजिकच दुसऱ्या दिवशी वर्गात तिचे डोळे मिटत. सगळे तिला डुलकी म्हणत, आणि खोटे कशाला बोलू, नाव तिला शोभून दिसे. बाकीचे विषय ती कसेबसे रेटून नेई. भौतिकशास्त्राने मात्र तिच्या नाकीनऊ आणले होते. सहामाहीला ती त्यात नापास झाली.

आईने त्या दिवशी शर्टाची कॉलर दाबता दाबता सांगून टाकले, "हे बघ बाई, वार्षिकला पण असंच झालं तर शाळा पुरे. माझ्याच्यानं एकटीनं होत नाही आता. सुताराला दुसरं टेबल सांगितलंय."

आई दुष्ट नव्हती, दमलेली होती. टेबल आले, भिंतीला लागून उभे राहिले आणि त्यावर जुनी चादर पडली. डुलकी त्या बाजूला पाहायचेसुद्धा टाळी. मी फळीवरून दोघांना पाहत असे, तिला आणि त्या टेबलाला, आणि माझा जीव टांगणीला लागे.

अशा वेळी तिचे दोन मित्र धावून आले. एक लंबू. हा ताडमाड मुलगा गणिते चुटकीसरशी सोडवी, पण व्याख्या विचारली की ततपप करी. दुसरी मास्तरीण. वयाने डुलकीएवढीच, अंगाने काडी, पण समजावून सांगायला लागली की सरसुद्धा मागे उभे राहून ऐकत. तिच्या आकृत्या मात्र वाकड्यातिकड्या. डुलकीचे बरोबर उलटे. रोज घड्या घालून तिची रेघ इतकी सरळ झाली होती की दोघांच्या आकृत्या तीच काढून देई. तिघांचे असे एकमेकांवर चालले होते.

अडचण एकच होती. मास्तरिणीची छाती नाजूक, इस्त्रीच्या वाफेने तिला खोकल्याची उबळ येई. तिला दुकानात बसता येईना आणि डुलकीला दुकान सोडता येईना. तेव्हा दारातूनच मास्तरिणीचे लक्ष माझ्याकडे गेले.

"डुलके, तुझे हात कामात असतात, कान तर मोकळे आहेत ना?"

बरणी माझ्या डोक्यावरून उतरली. लंबू मला पिशवीत घालून मास्तरिणीच्या घरी नेई, ती माझे लाल बटण दाबून धडा बोले, आणि लंबू मला परत फळीवर आणून ठेवी. तिची पद्धत न्यारी होती. ती प्रश्न विचारी आणि थांबे. टेप चालूच. त्या रिकाम्या जागेत तिचा श्वास ऐकू येई, पेन्सिलची टकटक ऐकू येई. डुलकीने इकडे दुकानात उत्तर द्यायचे. मग पुढे मास्तरीण म्हणे, "तारेचा विद्युतरोध लांबीवर ठरतो म्हणालीस ना? बरं. आणि जाडी कोण सांगणार?" मधूनच ती खेकसे, "झोपलीस का गं?" आणि उभ्या उभ्या पेंगणारी डुलकी दचकून जागी होई. आई हसून म्हणे, "पोरगी इथं नाही, तरी हिच्या मानगुटीवर बसलीय."

मित्रांनो, ते माझे सर्वांत सुखाचे दिवस होते. गाणी पुष्कळांनी ऐकली असतील, पण माझ्यामुळे कोणाला काही कळते आहे हे तेव्हाच कळले.

शेवटची कॅसेट भरली तेव्हाचे मला लख्ख आठवते. दुपार होती. मास्तरीण उशीला टेकून बसली होती आणि अंगात कणकण होती. तिने विचारले, "चेंडू सरळ वर फेकला. अगदी वर पोचला की क्षणभर थांबतो. म्हणजे वेग शून्य. म्हणून तिथं त्वरणही शून्य. बरोबर की चूक? सांग." मग ती थांबली. थांबून माझ्याकडे पाहून नुसती हसत राहिली. तेवढ्यात आतून तिच्या आईची हाक आली, "पुरे आता. पडून राहा." मास्तरिणीने बटण दाबले. पुढची टेप कोरी राहिली. हे नीट ध्यानात ठेवा. माझ्या पोटात काय गेले, ते माझ्याइतके कोणालाच ठाऊक नाही.

तो ताप उतरला नाही. त्याच तापात ती गेली.

लंबूने मला पिशवीतून आणले आणि फळीवर ठेवले. कॅसेट माझ्यातच होती. डुलकी बरेच दिवस माझ्याकडे फिरकली नाही. मग परीक्षा जवळ आली, भिंतीकडच्या टेबलावरची चादर आईने एकदा धुवायला काढली, खालचे कोरे लाकूड दिसले, आणि डुलकीने घाबरून माझे बटण दाबले.

दुकानात मास्तरिणीचा आवाज घुमला. आईची इस्त्री शर्टावर तशीच राहिली आणि शर्टाला चटका बसला.

त्यानंतर डुलकी रोज ऐके, आणि तेव्हाच मला ते जाणवू लागले. मी यंत्र आहे. माझी चाके एका गतीने फिरतात, टेपवरची मोकळी जागा जेवढी भरली तेवढीच निघते. पण डुलकी अडखळली की मोकळी जागा लांबू लागली. ती डोके खाजवी, पुटपुटे, परत पहिल्यापासून आठवी, आणि तोवर टेपवरचा श्वास शांतपणे चालूच राही. उत्तर आले की लगेच, "शाबास. पुढं." डुलकीची मान खाली गेली की नेमके त्याच क्षणी, "झोपलीस का गं?" ही वाक्ये टेपवर होती, खरे आहे. पण त्या जागी नव्हती.

आईच्या अंगावर काटा येई. "बंद कर गं ते," ती म्हणे. डुलकी म्हणे, "आई, मला कळायला लागलंय."

एक दिवस तो चेंडूचा प्रश्न आला. "बरोबर की चूक? सांग."

"बरोबर," डुलकी म्हणाली. मास्तरीण कधी चुकीचे सांगेल हे तिच्या डोक्यातही येणार नव्हते.

खट्!

माझे बटण वर उडाले. टेप पुष्कळ शिल्लक होती. मी स्वतःच चक्रावलो. डुलकीने मागे नेऊन पुन्हा लावले, पुन्हा "बरोबर" म्हणाली, पुन्हा खट्. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. लंबूने मला उघडून स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसले. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने आत बॅटरी मारून पाहिली आणि म्हणाला, "ठणठणीत आहे की! कॅसेट खराब असेल." त्याने दुसरी कॅसेट लावली, ती शेवटपर्यंत सुरळीत वाजली. बिघाडाचा ठपका मात्र माझ्याच माथी बसला.

पेपरच्या आदल्या दुपारी लंबू गणिते घेऊन दुकानात आला होता. तेवढ्यात मास्तरिणीची आई दारात उभी राहिली. तिच्या हातात शाळेचा गणवेश होता.

"एवढा इस्त्री करून ठेव गं," ती डुलकीच्या आईला म्हणाली. "धाकट्या पुतणीला होईल. नुसता पडून राहण्यापेक्षा..."

तिचे वाक्य अर्धेच राहिले, कारण मी चालूच होतो आणि फळीवरून तिच्या लेकीचा आवाज आला. मला बंद करायला डुलकी धावली, पण त्या माउलीने हात वर केला. ती चौकट धरून ऐकत राहिली. चेंडू वर गेला, थांबला. बरोबर की चूक?

"बरोबर," डुलकी दबक्या आवाजात म्हणाली. खट्.

"इथंच अडतो, काकू. रोज," लंबू म्हणाला.

काकूंनी डोळे पुसले आणि त्यांना चक्क हसू आले. "हिची खोडच होती ती. चुकीचं उत्तर दिलं की बोलणंच बंद. उत्तर सांगायची नाही, रागवायची नाही, गाल फुगवून भिंतीकडे तोंड करून बसायची. बरोबर सांगेपर्यंत पाणीसुद्धा घ्यायची नाही हातातून."

डुलकी माझ्याकडे टक लावून पाहत होती. मग तिने कपड्यांच्या ढिगातला मोज्यांचा एक गोळा उचलला आणि वर फेकला. तो वर गेला, खाली आला. तिने पुन्हा फेकला.

"लंबू, वर पोचला की थांबतो ना हा?"

"क्षणभर."

"तिथं त्वरण शून्य असतं तर खाली कशाला आला असता रे? तिथंच राहिला असता, लटकत." तिचा आवाज चढला. "थांबला म्हणून पृथ्वी ओढायची थांबते होय? ओढ आहेच! वर जाताना आहे, थांबल्यावर आहे, खाली येताना पण तेवढीच आहे!"

तिने टेप मागे नेली. प्रश्न आला. "बरोबर की चूक? सांग."

"चूक!" डुलकी ओरडली. "चूक आहे, मास्तरीणबाई! वेग शून्य, पण त्वरण शून्य नाही!"

माझी चाके फिरत राहिली. खट् झाले नाही. श्वास ऐकू आला, पेन्सिलची टकटक ऐकू आली, ती थांबली. आणि मग आवाज आला, अगदी जवळून.

"हं. आता उडाली तुझी झोप."

मित्रांनो, हे वाक्य माझ्या पोटात कधीच गेले नव्हते. मी त्या दुपारी तिथे होतो. ती नुसती हसली होती. माझ्या हेडखालून जी टेप चालली होती तिच्यावर हे वाक्य नव्हते, आणि तरी ते माझ्याच जाळीतून बाहेर पडले. त्यानंतर लगेच काकूंची स्वतःची हाक वाजली, "पुरे आता. पडून राहा." मग बटणाचा आवाज, आणि कोऱ्या टेपची खरखर.

काकू खाली बसल्या. "मी हाक मारली तेव्हा ती काहीच बोलत नव्हती गं," त्या म्हणाल्या. "काहीच नाही." डुलकीच्या आईने त्यांना पाणी दिले आणि इस्त्रीची पिन काढून टाकली. त्या दिवशी दुकान दुपारीच बंद झाले. लंबू आणि डुलकी चादर बाजूला करून त्या दुसऱ्या टेबलावर अभ्यासाला बसले.

चेंडूचा प्रश्न पेपरात आलाच नाही. पण डुलकी पास झाली, आणि काठावर नव्हे, चांगली पास झाली. निकाल हातात घेऊन ती आधी माझ्याकडे आली, टेप लावली, प्रश्नाचे उत्तर दिले आणि वाट पाहिली. या खेपेला नुसती काकूंची हाक आली आणि मग खरखर. "पास झाले गं," ती खरखरीला म्हणाली आणि पोटभर रडली. मला वाटले, सुटली बिचारी. आता तिला पडून राहू द्यावे.

पुढे शिकायला जाण्याआधी डुलकीने त्या कोऱ्या टेपवर राहिलेले धडे भरले. थांबायची पद्धत तीच, मास्तरिणीची. गणिते लंबूने भरली. आता त्या दुसऱ्या टेबलावर आजूबाजूची मुले अभ्यासाला बसतात, आणि डुलकीची आई चटका न लावता इस्त्री करता करता त्यांना दटावते.

परवा काकूंची ती धाकटी पुतणी, म्हणजे मास्तरिणीची चुलत बहीण, आली होती. अंगात तोच गणवेश, बाह्या जरा लांब. तिने मला लावले आणि नखे कुरतडत ऐकू लागली. चेंडू वर गेला, थांबला. लक्ष कुठे होते कोण जाणे, ती म्हणाली, "बरोबर."

खट्!

तिने घाबरून माझ्याकडे पाहिले. मी काही केले नव्हते. टेप पुष्कळ शिल्लक होती.

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे. माझे रबरी चाक झिजले आहे, आणि मला भंगारात द्यावे असे दुकानात येणारे गिऱ्हाईक सुचवत असते. माझे एवढेच मागणे आहे, अधूनमधून माझे हेड पुसा, मला वाफेपासून दूर ठेवा आणि त्या कॅसेटवर दुसरे काही भरू नका. कोणी जीव ओतून समजावून सांगत असेल तर उगाच होला हो करू नका, विचार करून उत्तर द्या. आणि मला टाकून देऊ नका. तिचा वर्ग अजून सुटलेला नाही.