काचेवरचा पूल

माघी चतुर्थीचं जन्माचं कीर्तन मालिनीनं करायचं, हे हातखंब्याजवळच्या त्या वाडीत गेली अठरा वर्षं ठरलेलंच होतं. सकाळी दहाला नमन, बाराच्या ठोक्याला गणपतीचा जन्म, गुलाल, पाळणा आणि मग मोदकांची पंगत. आणि अठराही वर्षं हुंकार द्यायला तिचा धाकटा भाऊ मुकुल होता.

हुंकार ही त्या देवळाची जुनी चाल. डावीकडच्या पहिल्या खांबाला टेकून एकानं बसायचं, आणि कीर्तनकारानं "मग काय झालं असेल हो?" म्हटलं की त्यानं पोटातून "हं!" करायचं. लवकर नाही, उशिरा नाही, जागच्या जागी. ऐकायला एवढंसं वाटतं, पण हुंकारावाचून कीर्तन म्हणजे मिठावाचून पेज. मुकुलचा हुंकार असा पडायचा की मालिनीला पुढची ओवी शोधावी लागत नसे, ती आपण होऊन दारात उभी असायची.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मुकुलला अर्धांगाचा झटका आला. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत पाळीवर जायला निघाला होता. बूट घालता घालता खाली बसला तो उजवी बाजू आणि वाचा, दोन्ही गमावून. वय सत्तेचाळीस. डॉक्टर म्हणाले, शब्द हळूहळू येतील, डावा हात तर धडधाकट आहे, त्या हातानं जमेल ते करू द्या. पण मुकुल काही करेचना. पेला उचलायचा नाही, चमचा धरायचा नाही. खेडच्या घरी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मालिनी दर रविवारी एसटीनं जायची, उशाशी बसून नामस्मरण करायची. तो डोळे मिटून घ्यायचा.

उत्सवाच्या आदल्या दिवशी त्याच्या मुलीचा, ऋजुताचा फोन आला.

"आत्या, उद्याचं कीर्तन मोबाइलवरून बाबांना दाखवशील? मी इथे टीव्हीला जोडते."

"अगो, मोबाइलपुढे कसलं कीर्तन? समोर माणूस नको?"

"देवळात असतीलच की माणसं."

"माणसं असतील गो. हुंकार देणारा नसेल."

"आत्या, काल चहा भरवायला गेले तर बाबांनी तोंड मिटून घेतलं. डॉक्टर म्हणतात, यांना आता औषध नको, इच्छा हवी. ती कुठल्या दुकानात मिळते, तेवढं सांग. मी जाऊन घेऊन येते."

मालिनी म्हणाली, "सांग, कुठलं बटण दाबायचं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋजुतानं सांगितल्याप्रमाणे तिनं मोबाइल मुकुलच्या पाटावर, खांबापाशी, नारळाला टेकवून उभा केला. मागच्या बाजूचा कॅमेरा लावायचा, म्हणजे चित्र स्वच्छ जातं. खेडचा आवाज बंद ठेवायचा, नाहीतर देवळात घुमतो. म्हणजे मुकुल तिला पाहणार आणि ऐकणार, पण तिला ना त्याचा चेहरा दिसणार, ना आवाज यायचा. समोर नुसती मोबाइलची काळी, काचेची पाठ आणि तिच्यातला एक वाटोळा डोळा.

पेटीवर बसणारे परशुरामकाका अठ्ठ्याहत्तरीचे. ते चष्मा वर सारून बघत राहिले. "हा कोण नवा हुंकारवाला? पान खातो की नाही?"

"काका, पलीकडे मुकुल आहे."

"हो का?" काकांनी मोबाइलकडे वाकून हात जोडले. "मुकुल, तुझ्या जागी आज मी हुंकार देतो हो. काळजी करू नकोस."

काळजी मालिनीनं करायला हवी होती. नमन झालं, पूर्वरंग सुरू झाला. "असुर माजला, गावंच्या गावं पेटवली, मग काय झालं असेल हो?" तिनं खांबाकडे वळून विचारलं, आणि काका तल्लीन होऊन म्हणाले, "वा, वा!"

देऊळ हसलं. मालिनीही हसली. पण तिला पुढची ओवी आठवेना. अठरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. काकांच्या लक्षात आलं, त्यांनी सूर धरून ठेवला. "असू दे, असू दे, दम घे," ते पुटपुटले. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मालिनीला एकच दिसत होतं: खेडच्या घरात मुकुल पुन्हा भिंतीकडे वळत असणार.

तिनं मोबाइलकडे पाहिलं. काळी काच, आणि काचेपलीकडे कोण काय करतंय त्याचा पत्ता नाही. हे आधी कधीतरी झालं होतं. फक्त तेव्हा ती आणि मुकुल काचेच्या दुसऱ्या बाजूला होते.

तिनं चिपळ्या पेटीवर ठेवल्या. "मंडळी," ती म्हणाली, "आज ओवी नाही. आज सशाची गोष्ट."

"सशाची?" काका म्हणाले. तो मात्र हुंकार बरोबर जागेवर पडला.

मग तिनं सांगायला घेतलं. चाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. वडील कोयना प्रकल्पाच्या सर्व्हे कचेरीत, बिऱ्हाड अलोऱ्याच्या वसाहतीत. ती अकरा वर्षांची, मुकुल सहाचा. चाळीत टीव्ही एकच, गंगाकाकूंचा. लाकडी पेटीत बसवलेला, दारं सरकवून उघडायचा. शनिवारी संध्याकाळी बातम्यांच्या आधी मुलांचा कार्यक्रम लागायचा आणि गंगाकाकूंच्या उंबऱ्याबाहेर वीस-वीस चपला पडायच्या. कार्यक्रमात एक ताई यायची. तिच्या केसांत गजरा असायचा. अबोलीचा की मोगऱ्याचा, ते काळ्यापांढऱ्या चित्रात कळायचं नाही. मुकुलला दोन ताया होत्या, एक घरातली आणि एक काचेतली. आणि काचेतली कधी धपाटे घालत नसे.

काचेतली ताई म्हणायची, "मुलांनो, ससा नदीकाठी अडकलाय. टीव्हीच्या काचेवर आरपार दिसणारा कागद लावा, आणि या टिंबापासून त्या टिंबापर्यंत पूल काढा. मी थांबते हं." आणि ती खरंच थांबायची. हनुवटीखाली हात घेऊन सरळ तुमच्याकडे बघत. मग म्हणायची, "काढलात? शाब्बास!" आणि ससा तुमच्याच रेघेवरून टुणटुण पलीकडे जायचा. ज्यानं पूल काढला नाही त्याचाही ससा जातोच, हे मालिनीला पुढे कळलं. मुकुलला ते कधीच पटलं नाही.

आरपार दिसणारा कागद अलोऱ्यात कुठून आणायचा? वडिलांच्या नव्या बनियनची प्लॅस्टिकची पिशवी होती, ती मालिनी भाताची खळ लावून काचेला चिकटवायची. एका शनिवारी पिशवी फाटली. ससा काठावर, ताई थांबलेली, आणि कागद नाही. मुकुलनं इकडेतिकडे पाहिलं, गंगाकाकूंच्या करंड्यात बोट बुडवलं आणि कुंकवानं थेट काचेवर पूल ओढला. ससा पार झाला. पण पाठोपाठ बातम्या लागल्या, आणि बातम्या देणाऱ्या गृहस्थांच्या नाकावरून, या कानापासून त्या कानापर्यंत, लालभडक पूल. मुलं गारठली. गंगाकाकू मात्र पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. म्हणाल्या, "असू दे रे! बातम्या संपेपर्यंत पुसू नका. एवढं रोज बोलतात बिचारे, आज कुणी मळवट तरी भरला!"

देवळात हशा पिकला. मागच्या रांगेतली एक म्हातारी डोळे पुसत होती. मालिनीचा आवाज आता मोकळा झाला होता.

पुढच्या शनिवारी पूल अर्ध्यावर आला आणि वीज गेली. साऱ्या राज्याला वीज पुरवणाऱ्या वसाहतीत वीज गेली! काच काळी. मुकुल रडून रडून निळा. ससा नदीच्या मधोमध राहिला, तो पडला असणार, आपल्यामुळे पडला. तेव्हा मालिनीनं पोस्टकार्ड लिहिलं: "काचेतल्या ताईस नमस्कार. आमची वीज गेली. पूल अर्धा राहिला. सशाला थांबायला सांगावे." पत्ता लिहून वडिलांच्या हाती दिलं.

"आणि पुढच्या शनिवारी," मालिनी सांगत होती, "ताई आली, हनुवटीखाली हात घेतला, आणि म्हणाली, 'मागच्या वेळी ज्यांचा पूल अर्धा राहिला, त्यांनी आज पुरा करा. ससा अजून तिथेच उभा आहे.' मुकुल उड्या मारत काचेकडे धावला. आमचं पत्र पोचलं होतं, मंडळी!"

"पोचणारच," म्हातारी म्हणाली.

"नाही, आजी. बाबा गेल्यावर त्यांच्या सर्व्हेच्या वह्या आवरताना ते पोस्टकार्ड सापडलं. वहीतच राहिलं होतं. टाकायला विसरले होते."

काकांनी चष्मा खाली ओढून तिच्याकडे पाहिलं.

"मी मुकुलला म्हटलं, अरे, आपलं पत्र गेलंच नव्हतं. तो काय म्हणालान माहितेय? म्हणालान, 'बघ ताई, म्हणजे तिनं पत्रावाचून ऐकलंन.' मी जन्मभर कीर्तनं ऐकली, केली, पोथ्या वाचल्या. पण देवाची गोष्ट याहून सोपी करून मला कुणी सांगितलेली नाही. देवही असाच काचेपलीकडे. आपल्याला वाटतं, त्याला कुठलं ऐकू जातंय! पण तो बोलतो आणि थांबतो. आपण आपली रेघ ओढायची."

मग ती खांबाकडे वळली. तिचा हात आपोआप हनुवटीखाली गेला. तिला पहिल्यांदाच कळत होतं की त्या ताईच्या पुढ्यातही असाच एक डोळा असणार, त्याच्यामागे अंधार, आणि अलोऱ्याचा एक मुलगा करंड्यात बोट बुडवतोय हे तिला कधी दिसलं नसणार. तरी थांबायची. रेघ ओढायला लागतो तेवढा वेळ, नेमका.

"मुकुल," मालिनी म्हणाली, "ससा काठावर उभा आहे. पूल अर्धा राहिलाय. मी थांबते हं."

ती थांबली. काकांचं बोट पट्टीवर होतं, पण भाता हलला नाही. मुदपाकखान्यातून उकडीचा वास आला. बाहेर आंब्यावर कावळा ओरडला. तिनं मनात सहापर्यंत मोजलं, मग बारापर्यंत. आजारी माणसाला वेळ जास्त लागतो.

"काढलास?" ती म्हणाली. "शाब्बास!"

"काढला, काढला!" बायकांतून आवाज आला, आणि काकांनी पेटी अशी उचलली की नामाचा गजर थेट बाहेरच्या वाटेपर्यंत गेला. त्यापुढे कीर्तन आपल्या पायांनी चाललं. जिथे जिथे हुंकार हवा तिथे मालिनी काळ्या काचेकडे बघून थांबली, आणि बाराच्या ठोक्याला जन्म झाला. गुलाल उधळला. मोबाइलही गुलाबी झाला.

पाळणा म्हणून झाला तशी खेडची जोडणी बंद झाली, आणि पाचच मिनिटांत मोबाइल वाजू लागला. मालिनीनं गुलालाच्या हातानंच उचलला.

"आत्या!" ऋजुता धापा टाकत होती. "आमचा टीव्ही! बाबांनी टीव्हीला कुंकू फासलं!"

"काय केलंन?"

"चतुर्थी म्हणून मी पूजेचं तबक त्यांच्या खाटेवर ठेवलं होतं, आणि टीव्ही पायथ्याशी टेबलावर. तू थांबलीस ना, तेव्हा मी पाणी आणायला आत गेले. येऊन बघते तर हे उठून बसलेत! सरकत सरकत कडेला आलेत, डाव्या हाताचं बोट कुंकवात, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ. वाकडी आहे, मधे तुटलीय, पण पोचवलीय पार. आणि आता खुणेनं पेज मागतायत. वाटी स्वतः धरलीय, आत्या. सांडतायत, पण सोडत नाहीत."

मालिनी खांबाला टेकून बसली, मुकुलच्याच पाटावर. परशुरामकाका पेटीची खोळ हातात घेऊन तसेच उभे होते. "काय गो? हुंकार दिलान का?" त्यांनी विचारलं.

"आत्या, ऐकतेस ना? हे पुसू का आता? नवा टीव्ही आहे गो, डाग राहील."

"मुळीच पुसू नकोस," मालिनी म्हणाली, आणि मुद्दामच जरा मोठ्यानं म्हणाली. "आधी बातम्या लागू देत. आज कुणाचा मळवट भरलाय, ते बघायला नको?"

आणि ती थांबली.

पलीकडे, ऋजुताच्या पाठीमागून, पेजेनं भरल्या तोंडानं, घशात अडखळत, पण अगदी जागच्या जागी हुंकार आला.