लाल दोऱ्याची थैली

दुबईतल्या देरा बाजारात हाफिजाच्या सोनं वितळवायच्या दुकानात भट्टी तापली होती. समोर सोन्याच्या दोन थैल्या होत्या: एक घानातल्या खाण कंपनीची, लाल दोऱ्याची दुसरी खाणीशेजारच्या गावाच्या हिश्श्याची. गावाचा माणूस आल्याशिवाय ती वितळवायची नाही, असा करार होता. त्याचं विमान लेट होतं.

"यल्ला, चला मॅडम, एकत्रच ओता," कंपनीचा एजंट म्हणाला. "नंतर वाटून देऊ."

नंतर गावाला काय मिळणार, हे हाफिजाला कळत होतं.

"आपा, एवढं मोठं गिऱ्हाईक जाईल," भाऊ अबुजर कुजबुजला.

हाफिजाने लाल दोऱ्याची थैली तिजोरीत ठेवून किल्ली ओढणीला बांधली. "तुमचं वितळवते. हे त्यांच्यासमोरच."

"खलास!" एजंट आपली थैली उचलून तरातरा निघून गेला.

"अबुजर, भट्टी बंद कर," ती म्हणाली, "आणि एअरपोर्टवर जाऊन पाहुण्याला घेऊन ये."