एकोणीस दारं

"कडी उजवीकडं होती का डावीकडं?" भिंतीवरचा ब्रश न उचलता गुलाम नबीनं विचारलं.

चंपतनं डोळे मिटले, हवेत हात पुढं करून कडी काढल्यासारखं केलं. "उजवीकडं. अन् खालची फळी पान्यानं सडेल होती. तेबी काढ."

"सडेल कायले? चांगलीच काढतो ना."

"नाई. होती तशीच काढ."

गुलाम नबीनं हिरव्यात काळा मिसळला आणि फळी सडवली.

भिंत नगरपरिषदेची. दोन वर्षांपूर्वीपर्यंत इथं नाल्याकाठची वस्ती होती. व्यापारी संकुल व्हायचं म्हणून एका सकाळी जेसीबी आला आणि दुपारपर्यंत सगळं सपाट झालं. संकुल झालं नाही. घरांची दारं ज्या रेषेवर होती, त्याच रेषेवर ही भिंत तेवढी झाली. माणसं पांगली. कोणी मालेगावला गेलं, उरलेल्यांनी बाजाराच्या ओट्यांमागे ताडपत्र्या ठोकल्या. गुलाम नबीचं घरही त्यातच गेलं. त्याची बायको नसीम मंगरूळपीरला भावाकडे राहायला गेली आणि तो एका मित्राच्या दुकानात रंगाच्या डब्यांशेजारी झोपू लागला. गावातल्या पाट्या रंगवण्यात त्याचा जन्म गेला होता. घरकुलांच्या भिंतींवर लाभार्थ्यांची नावंही त्यानंच लिहिली. त्याचा स्वतःचा अर्ज मात्र परत आला. घरकुल मिळायला आधी स्वतःच्या नावाची जागा लागते.

शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या सुचिता मॅडमना या भिंतीवर झाडं-पक्षी काढायची परवानगी मिळाली, तेव्हा शिडीवर चढणारा माणूस म्हणून त्यांनी त्याला बोलावलं. त्यानं दोन-तीन झाडं काढली, मोराला हात घातला. तिसऱ्या दिवशी भाजीची गाडी ढकलत चंपत आला आणि थांबला.

"इथंच आमचं दार होतं," तो म्हणाला. "बराबर या जागी."

गुलाम नबीनं मोर तसाच सोडून दार काढायला घेतलं. मॅडमनी थोडा वेळ पाहिलं.

"काढा काका, सगळ्यांचीच काढा," त्या म्हणाल्या. "इथं कोण राहत होतं ते कळू दे लोकांना."

मग एकेक जण येऊ लागला. फरहाच्या दारावर तिच्या लेकीनं मारलेल्या खडूच्या रेघा आल्या. म्हाताऱ्या सुंदरबाईच्या उंबऱ्यालगत तुळस आली. बारा दिवसांत एकोणीस दारं झाली, खऱ्या मापाची, जिथल्या तिथं. संध्याकाळी माणसं आपापल्या दारासमोर येऊन बसत. चंपतची बायको अंजना तिथंच भाजी निवडायची. जुने शेजारी पुन्हा शेजारी बसले, आणि जुनी भांडणंही जागेवर आली.

पेपरात फोटो छापून आला. मथळा वस्तीतल्याच जानरावनं मोठ्यानं वाचला, 'विद्यार्थ्यांनी साकारले घराचे स्वप्न'.

"सपन?" अंजना म्हणाली. "माह्या पोरीची वरात निंगाली त्या दारातून."

पेपरात गुलाम नबीचं नाव नव्हतं, पाडलेल्या घरांचंही नव्हतं. पण फोटो वरच्या साहेबांनी पाहिला. संकुलाचं भूमिपूजन आठवड्यावर आलं होतं. दुसऱ्याच सकाळी नगरपरिषदेचा मुकादम बाबूसिंग चुन्याची पोती घेऊन हजर झाला.

"पेंटर, वरून सांगतलं हाय. झाडं राहू द्या म्हने, दारं पुसा."

मागोमाग सुचिता मॅडम आल्या. मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. "परवानगी झाडांचीच होती म्हणतात, काका. आणि माझी नोकरी अजून कायम झालेली नाही."

"घर भाड्याचं असन ना तुमचं?" गुलाम नबीनं विचारलं.

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"मंग जा तुमी. नोकरी सांभाळा."

त्या गेल्या. बाबूसिंगनं चुना कालवायला घेतला. "तू नको हात लावू. माही मानसं करतीन."

"कोनतं दार कोनाचं, त्यायले काय मालूम? मीच पुसतो. पन ज्याचं त्याले इचारून."

बाबूसिंगनं बादली त्याच्यापुढं ठेवली.

"तुह्याच हातानं पुस," चंपत म्हणाला. फरहानं मोबाइलवर फोटो काढून घेतला आणि लेकीला घेऊन निघून गेली. सुंदरबाईनं त्याला थांबवलं. कमरेची पिशवी सोडून तिनं चिमूटभर हळद-कुंकू काढलं, भिंतीवरच्या उंबऱ्याला लावलं, हात जोडले. "आता पुस," ती म्हणाली. जानराव दाराला पाठ लावून उभा राहिला तो हललाच नाही. गुलाम नबी बाकीची दारं पुसून आला तरी तो उभाच. ऊन डोक्यावर आल्यावर जानराव आपणहून बाजूला झाला आणि नाल्याकडं तोंड करून तंबाखू मळत राहिला.

उन्हं कलली तेव्हा नसीम आली. तिच्या भावानं पेपर दाखवला होता आणि ती मिळेल त्या बसनं निघाली होती. भिंत तिनं या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. झाडं तेवढी उरली होती.

"आपलं कुठी काढलं होतं?"

चंपतच्या आणि फरहाच्या दारांमधली जागा त्यानं दाखवली. "काढाचं राह्यलं. म्हनलं, सगळ्यायचे झाले का मंग सावकाश काढू."

नसीमनं पिशवी खाली ठेवली आणि चुन्याची बादली त्याच्याजवळ सरकवली.

तिथं पुसण्यासारखं काही नव्हतं. तरी गुलाम नबीनं ब्रश बुडवला आणि दाराच्या मापानं, वरपासून खालपर्यंत, दोन हात दिले.