काही चुकलं असेल तर

लाकडाचा गोंद दाबाखाली पक्का सुकायला एक रात्र लागते. डब्यावर तसं छापलेलं असतं.

*

मेंढ्याचं शिंग आतून ओलं झालं की त्याला भिजलेल्या नखांसारखा वास येतो. फुंकणाऱ्याला तो येत नाही, शेजारी बसणाऱ्याला येतो.

*

मुख्याध्यापिकाबाईंची सूचना, जिन्याजवळच्या फळ्यावर:
"मधल्या सुट्टीत जिन्यात थांबून एकमेकांची माफी मागू नये. रस्ता अडतो."
खाली पेन्सिलीने: "माफ करा, बाई."

*

आजोबांचा लोकरी मोजा, उजव्या पायाचा. डाव्याचं काय झालं ते कोणाला आठवत नाही.

*

गणिताचे सर शिंग फुंकतात तेव्हा दारात बकरी बांधल्यासारखी वाटते. हे स्वैपाकघरातल्या मावशींचं मत. मावशी ते सरांच्या तोंडावरही सांगतात आणि वर त्यांना जास्तीची भाकरी वाढतात.

*

शाळा ज्यू मुलांची आहे. आठवी ते बारावी, राहायची सोय वरच्या मजल्यांवर. शरद ऋतूत तिथे सण एकामागून एक येऊन आदळतात. आधी नवं वर्ष, मग योम किप्पूर म्हणजे दिवसभराचा उपास, आणि उपास सुटतो न सुटतो तोच अंगणात पानांचा मांडव घालायची घाई. त्या दिवसांत धड अभ्यास होत नाही. शिक्षक कुरकुरतात, आणि मांडव कुठवर आला ते बघायला मुलांच्या आधी खाली येतात.

मांडवाचं काम बारावीतल्या एका मुलीकडे होतं. सुतारकामाच्या खोलीची किल्ली तिच्याकडे असे आणि कानावर पेन्सिल असे, म्हणून सगळे तिला मिस्त्री म्हणायचे. तिचा मामेभाऊ दहावीत होता. त्याला भोंगा म्हणायचे, कारण नव्या वर्षाच्या प्रार्थनेत शिंग फुंकण्यासाठी शाळेच्या धर्मगुरूंनी, म्हणजे रब्बींनी, या वर्षी त्याची निवड केली होती.

शिंग आजोबांचं. भोंग्याच्या वडिलांचे वडील, मिस्त्रीच्या आईचे वडील, म्हणजे एकच आजोबा. त्यांनी ते आपल्या गावच्या प्रार्थनाघरात तरुणपणापासून फुंकलं. मग कवळी आली. फुंकायला गेलं की आवाजाच्या आधी कवळी बाहेर यायची. तेव्हा त्यांनी दोन्ही नातवंडांना समोर बसवून शिंग हातात दिलं होतं. मिस्त्रीच्या फुंकीतून फक्त थुंकी आली. भोंग्याच्या फुंकीने शेजारचं कुत्रं पलंगाखाली शिरलं. आजोबांनी शिंग मोज्यात घातलं आणि मोजा भोंग्याला दिला.

"बिघडत नाही गं," ते मिस्त्रीला म्हणाले. "तुझ्या हाताला गुण आहे."

*

नव्या वर्षाचा पहिला दिवस. सभागृह भरलेलं, मुलं, पालक, भिंतीलगत उभे राहिलेले शिक्षक. पहिल्या रांगेत आजोबा.

भोंगा उभा राहिला. लांब आवाज. तुटक आवाज. मग भराभर ठोक्यासारखे आवाज. आजोबांचे ओठ त्याच्याबरोबर आवळत होते, सुटत होते. पुन्हा लांब आवाज सुरू झाला आणि मध्येच त्याचा फुस्स झाला. सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा. आठवीतलं कोणीतरी हसलं. त्याने ओठ पुसले, पुन्हा फुंकलं. पुन्हा फुस्स. तिसऱ्यांदा त्याचा चेहरा लालभडक झाला आणि शिंगातून नुसता वारा आला.

रब्बी पुढे आले, त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि स्वतःच्या शिंगावर उरलेले सगळे आवाज पुरे केले. प्रार्थना अडली नाही. विधीतलं काही राहिलं नाही.

भोंगा खाली बसला तो पायांकडे बघत.

*

आदल्या दुपारी शिंग सुतारखोलीच्या फरशीवर पडलं होतं. मिस्त्रीच्या हातून. तिने ते भोंग्याच्या कपाटातून न विचारता आणलं होतं.

चीर केसाएवढी होती, लांबीच्या दिशेने. तिने ती फडक्याने पुसली, सुईने गोंद आत भरला, पातळ चामडं गुंडाळून शिकंज्यात आवळली, सांडलेला गोंद खरवडला. काम इतकं सफाईदार झालं की उजेडात धरूनही तिला स्वतःला रेघ दिसेना. पण सूर्य मावळल्यावर सण लागणार होता आणि भोंगा कपाट उघडणार होता. गोंदाला शिकंज्यात रात्र मिळाली नाही. शिकंजा सोडून तिने शिंग मोज्यात घातलं आणि परत ठेवून आली.

*

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी भोंगा रब्बींकडे जाऊन म्हणाला, उपास सुटतानाचं शिंग दुसऱ्या कोणाला द्या. तो एकच आवाज असतो, सगळ्यात लांब. तो झाला की दिवस संपला.

"का रे?"

"माझी छाती कमजोर आहे."

"कोणी सांगितलं?"

"सगळ्यांनी ऐकलंच ना."

रब्बींनी थोडा वेळ दाढी ओढली. मग गणिताच्या सरांना निरोप गेला. सर त्या दिवसापासून स्टाफरूममध्ये सराव करू लागले आणि मावशी स्वैपाकघराची खिडकी लावून घेऊ लागल्या.

*

नवं वर्ष आणि उपास यांच्यामधल्या दिवसांत ज्याने त्याने दुखावलेल्या माणसाकडे जाऊन माफी मागायची असते. शाळेत त्याचं काय होतं ते जिन्याजवळच्या फळ्यावर आलंच आहे. सगळे सगळ्यांची मागतात. जेवणाच्या रांगेत, दात घासताना, फुटबॉलच्या पेनल्टीआधी. वाक्य ठरलेलं आहे.

"काही चुकलं असेल तर माफ कर."

"केलं. माझंही कर."

"केलं."

पहिल्यांदा कोणी नाही म्हटलं तर पुन्हा मागायची. तीनदा मागून झालं की मागणारा मोकळा, मग ओझं नाही म्हणणाऱ्यावर. दहावीची मुलं हे तिन्ही वेळचं एका दमात उरकतात: माफकर-माफकर-माफकर, चल, बॉल दे.

मिस्त्रीने भोंग्याला पाणी प्यायच्या टाकीपाशी गाठलं.

"काही चुकलं असेल तर माफ कर हं."

"केलं ताई," तो म्हणाला. बाटली भरत होता, वर बघितलं नाही. "माझंही कर."

"केलं."

बाटली भरून वाहिली. तो निघून गेला. ती सुतारखोलीत आली आणि खांबांना रंधा मारू लागली. जेवणाची घंटा झाली तेव्हा एका खांबाची जाडी निम्मी झाली होती.

*

रब्बींचा तास, बारावीचा वर्ग.

"उपासाने काय फिटतं? देवाशी केलेली आगळीक. माणसाशी केलेली फिटत नाही. ती आधी त्या माणसाकडे जाऊन मिटवायची, मग उपास. भिंती उभ्या केल्याशिवाय मांडवावर पानं घालता का? हे मिस्त्रीला विचारा."

"नाही घालत," मिस्त्री म्हणाली. "भिंतींआधी छत घातलं तर मांडव बाद. सगळं उचलून पुन्हा घालावं लागतं."

"बघा."

"सर," तीच पुढे म्हणाली, "कशाबद्दल ते न सांगता मागितली, आणि त्याने दिली, तर?"

"कोणाची वही लांबवलीस गं?" मागच्या बाकावरून आवाज आला. वर्ग हसला.

रब्बी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. खिशात चष्म्याचं घर शोधत म्हणाले, "पत्ता न घालता टपाल टाकलं तर ते पेटीत पडतं. पोचत नाही."

घंटा झाली. चष्म्याचं घर टेबलावरच होतं.

*

उपासाचा आदला दिवस, दुपार. त्या दिवशी जेवण लवकर असतं, सूर्य असतानाच. मिस्त्रीला खांब कापायचे होते आणि दुसरं टोक धरायला कोणीतरी हवं होतं. तिने भोंग्याला बोलावलं.

"नीट धर."

"धरलंय."

"हलतंय."

"तू कापतेयस म्हणून हलतंय."

तिने करवत थांबवली.

"मी माफी मागितली होती ना तुझी."

"सगळ्यांनीच मागितली. वॉचमनकाकांनीपण. त्यांनी माझं काय वाकडं केलंय, देव जाणे."

"काही चुकलं असेल तर, असं म्हणाले होते मी."

"हो. मग?"

"चुकलं होतं."

त्याने खांबावरचा भुसा फुंकला. "माझा निळा स्वेटर तूच घेतलास ना? मला वाटलंच."

"शिंग पाडलं."

त्याने मान वर केली.

"सणाच्या आदल्या दिवशी. इथेच. चीर गेली होती, मी चिकटवली. गोंद कच्चा राहिला. तू फुंकलंस तेव्हा सुटला."

"कुठे गेली होती?"

तिने खांबावर बोटाने दाखवलं, इथून इथपर्यंत.

"वरवर?"

"आरपार."

भोंग्याने खांब खाली ठेवला. स्वतःचं बोट बघितलं, जणू शिंग अजून हातात आहे. "मला इथे हवा लागत होती. बोटाला. मला वाटलं माझे ओठ सुटतायत. म्हणून आणखी आवळले." मग म्हणाला, "आईने डॉक्टरची वेळ घेतलीय. छातीचा फोटो काढायचाय. बाबांनी सांगितलं, आपल्या घराण्यात असं कोणाला नव्हतं, हे माझ्या आईकडून आलंय. दोन दिवस दोघं बोलत नव्हते."

मिस्त्रीला हे माहीत नव्हतं.

"न विचारता घेतलंस कशाला?"

"तूच म्हणाला होतास ना, तोंडाकडची कड ओठाला लागते. पॉलिश पेपर मारून देणार होते. तुला कळायच्या आत."

"आणि मग मलाच कळू दिलं नाहीस."

"माफ कर."

"काय म्हणून?"

"पाडलं म्हणून. चिकटवलं म्हणून. आणि तू खाली बसलास तेव्हा मी गप्प राहिले म्हणून."

भोंग्याने विचार केला. खरंच केला, ते दिसत होतं.

"नाही," तो म्हणाला.

मग खांबाचं टोक उचलून म्हणाला, "काप. जेवण हुकेल."

तिने कापला. खांब तिरका कापला गेला.

*

उपासाचा दिवस. दुपारी प्रार्थना थांबतात आणि लोक भिंतीला टेकून बसतात. आजोबा व्हरांड्यातल्या बाकावर होते, बाजूला मिस्त्री. भोंगा मोजा घेऊन आला. त्याने शिंग काढून आजोबांच्या मांडीवर ठेवलं. आजोबांनी चष्मा लावला नाही. अंगठ्याचं नख लांबीवरून फिरवलं. एका जागी थांबले, मागे आले, पुन्हा गेले.

"गेलं हे," ते म्हणाले. "आता याच्यातून प्रार्थनेचा आवाज चालायचा नाही."

"हो."

"चिकटवलंय मात्र झकास. पडलं?"

"पडलं."

"कोणाच्या हातून?"

मिस्त्रीने तोंड उघडलं.

"पडलं," भोंगा म्हणाला.

आजोबांनी भोंग्याकडे बघितलं, मग मिस्त्रीकडे. उपासाने त्यांचा आवाज बसला होता. "बरं," ते म्हणाले. "पडतं. मांडवात टांगा. फळांबरोबर शोभेल."

भोंगा उठून आत गेला. रब्बी पहिल्या रांगेत डोळे मिटून बसले होते.

"सर, तुमचं शिंग मिळेल का? संध्याकाळी."

रब्बींनी डोळे उघडले नाहीत. "छातीचं काय झालं?"

"छाती शिंगाची कमजोर होती."

"गणिताच्या सरांना सांगून ये. नीट सांग. त्यांनी फार कष्ट घेतलेत."

*

शेवटची प्रार्थना संपत आली. स्वैपाकघरात मावशी गॅसच्या बटणावर हात ठेवून उभ्या होत्या. शिंगाचा आवाज थांबल्याशिवाय बटण फिरवायचं नसतं.

आवाज निघाला. आधी जाड, मग सरळ. आजोबांचे ओठ आवळलेले. आठवीची मुलं एकमेकांकडे बघू लागली, आता थांबेल, आता थांबेल. गणिताच्या सरांनी छातीवर हात ठेवला होता, स्वतःच्या. आवाज खिडकीतून अंगणात गेला, तिथे रचून ठेवलेल्या खांबांवरून पलीकडे गेला आणि मग थांबला.

मावशींनी गॅस पेटवला. "बाई गं," त्या म्हणाल्या, "दूध नासेल असं वाटलं मला."

*

उपास सुटल्यावर तोंडात घास घालण्याआधी मांडवाचा पहिला खांब रोवायची शाळेची पद्धत आहे. भोंग्याने खांब धरला. मिस्त्रीने पायाने माती दाबली.

"हा तिरका कापलाय," तो म्हणाला.

"वरून पानं येतात. दिसत नाही."

"तुझं सगळं असंच. वरून दिसत नाही."

ती खाली बसून पाचर ठोकू लागली. तो वरून बघत होता.

"एकदा झालंय मागून," तो म्हणाला. "दोनदा राहिलंय."

"आता मागू?"

"आता नको. भूक लागलीय, मी काहीही म्हणेन."

"मग कधी?"

"मांडव उतरवताना बघू. धर नीट, हलतंय."

*

शिंग पडलं त्या दुपारी मिस्त्रीने पॉलिश पेपर काढलाच नव्हता. तिने दार लावून शिंग ओठांना लावलं होतं, आणि ते हातून सुटायच्या आधी त्यातून आवाज आला होता.