रवीच्या गाडीचा आवाज

"ताई, चावी द्या इकडं. एक सेल्फ मारतो, बघा कशी उठत नाही ती."

गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस खिडकीतून हात आत घालून बोलत होता. राखीने चावी काढली आणि मुठीत घट्ट धरली.

"सेल्फ मारायचा नाही. ढकलायला मदत करणार असाल तर करा."

"अहो, मारून तर बघा. पाणी झटकून टाकते गाडी."

"नाही म्हटलं ना."

पाण्यात गाडी बंद पडली की काठावरचा प्रत्येक माणूस मेकॅनिक होतो. त्यात गाडी बाईची असेल तर मग विचारायलाच नको. रेल्वेपुलाखाली पहाटेपासून पाणी साचलं होतं. पुढच्या दोन गाड्या आरामात पार झाल्या, म्हणून राखीनेही आपली घातली. चूक झाली ती इथेच. त्या गाड्या नाकाने श्वास घेणाऱ्या होत्या आणि राखीची गाडी गुडघ्यातून घेत होती. समोरून बस आली, तिची लाट बंपरवर आपटली, इंजिनाने एक उचकी दिली आणि ते गप्प झालं.

मागच्या सीटवर लताबाई आणि निकिता पाय वर घेऊन बसल्या होत्या. दोघी ओझरच्या कारखान्यात कामाला, लताबाई कॅन्टीनमध्ये आणि निकिता ऑफिसात. दोघींना रोज सकाळी नेणं आणि संध्याकाळी आणणं हा राखीचा धंदा.

"राखी, गेट बंद होईल गं," लताबाई म्हणाल्या. "मार ना एकदा. लागली तर लागली."

"आणि नाही लागली तर इंजिन जाईल. पाणी आत गेलंय. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सेल्फ मारला की आतला दांडा वाकतो."

"तुला काय माहीत?"

"गॅरेजवाल्या प्रफुल्लभाऊंनी सांगितलंय."

"मला मेमो मिळेल त्याचं काय?"

"मी साहेबांशी येऊन बोलेन. सेल्फ मारणार नाही."

लताबाईंनी तोंड फिरवलं. शेवटी चौघांनी ढकलून गाडी चढावर आणली. राखीने दोघींना रिक्षात बसवून दिलं. रिक्षा हलताना लताबाई एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून मी बसने जाते." राखीला ते लागलं. पण मूठ तिने सैल केली नाही.

या एका गाडीवर घर चाललं होतं. घर म्हणजे राखी आणि तिची सासू सुलाबाई. राखीच्या नवऱ्याने, रवीने, ही गाडी जुनी घेतली, पण जपली नव्यासारखी. दोन वर्षांपूर्वी तो कंपनीत मशीनसमोरच छातीला हात लावून खाली बसला, तो पुन्हा उठला नाही. पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि पाहुण्यांनी बूट घालता घालताच गाडी विकायचा सल्ला दिला. राखीने सगळ्यांचं ऐकून घेतलं, गाडी शिकली, परवाना काढला, नंबरप्लेट पिवळी करून घेतली. पहिले काही महिने ती रिव्हर्स घेताना कॉलनीतली पोरं आपापल्या सायकली उचलून घरात न्यायची.

गाडीत एकच गोष्ट तिच्या समजुतीबाहेरची होती. रवीने इंजिनाला हवा पुरवणारा कंपनीचा मूळ डबा काढून तिथे लांब चकचकीत पाइप बसवला होता. पाइपाचं तोंड खाली बंपरच्या मागे, तिथे उघडा फिल्टर. खालची हवा थंड, गाडी जोरात पळते, असं रवी सांगायचा. प्रफुल्ल त्याचा दोस्त आणि गॅरेजवाला. त्यानेच पाइप बसवला आणि बसवतानाच बजावलं, "रव्या, पावसाळ्यात हा पाणी पितो. पाण्यात बंद पडली तर सेल्फला हात लावायचा नाही." रवी हसला होता. ताकदबिकद सगळी सबब होती, त्याला खरा हवा होता तो आवाज. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी घूऽऽ करून मोठा श्वास ओढायची. कॉलनीच्या कोपऱ्यावर तो श्वास ऐकू आला की आत सुलाबाई चहाचं आधण ठेवायच्या.

रवी गेल्यावर तो आवाज बंद झाला. मग राखीने पहिल्यांदा एकटीने गाडी कोपऱ्यावरून वळवली, त्या संध्याकाळी ती घरात शिरली तर ओट्यावर चहा उकळत होता. तेव्हापासून तो रोज उकळत होता.

त्या सकाळी राखीने फोन केल्यावर प्रफुल्ल दोर घेऊन आला आणि गाडी ओढत अंबडच्या गॅरेजवर घेऊन गेला. फिल्टर काढला तर तो भिजलेल्या पोळीसारखा लिबलिबीत झालेला.

"सेल्फ?" त्याने विचारलं.

राखीने मूठ उघडून दाखवली. तळव्यावर चावीचे दात उमटले होते.

त्याने प्लग काढले आणि पान्याने इंजिन हातानेच हळूहळू फिरवायला सुरुवात केली. राखी बाकावर बसली नाही, शेजारी उभी राहिली. अडकलं तर संपलं, एवढं तिला कळत होतं. नवं इंजिन तिच्या आवाक्यातलं नव्हतं. पान्याने अर्धा फेरा घेतला, मग पूर्ण घेतला. कुठे अडकलं नाही. मग प्रफुल्लने तिला बाजूला व्हायला सांगितलं आणि प्लग न लावताच सेल्फ मारला. प्लगच्या भोकांतून पाण्याची चिळकांडी उडाली, छतापर्यंत गेली.

"वाचली," प्रफुल्ल म्हणाला. "जिवावर बेतलं होतं, शेपटीवर निभावलं. ऑइल बदलू, सुकवू, संध्याकाळी घेऊन जा. वहिनी, दुसऱ्या कुणीही सेल्फ मारला असता."

आता राखी बसली.

"आणि हा पाइप?" तिने विचारलं.

"तेच म्हणतो. फिल्टरवर कापडी टोपी घालता येते, पण ती उडत्या पाण्यापुरती. बुडाला तर काही उपयोग नाही. दुसरं म्हणजे आखूड पाइप. तो वरच राहतो, पाणी लागत नाही. इंजिनाची गरम हवा ओढतो, घाटात गाडी जरा आळसावेल. पण आवाज राहील." थोडं थांबून तो म्हणाला, "सुलामावशींना आवाज लागतो ना."

म्हणजे यालाही ठाऊक होतं.

आखूड पाइप त्याच्याकडे पडून होता. दुपारनंतर त्याने तो बसवला आणि गाडी रेस केली. राखीने डोळे मिटले. आवाज आला, मोठाही होता. पण रवीची गाडी पोटातून श्वास घ्यायची, ही कर्कश घसा खाकरत होती.

"पुन्हा एकदा," ती म्हणाली. त्याने पुन्हा रेस केली. "जमेल की," तो म्हणाला. "मावशींना कळायचं नाही."

"आईंना कळेल," राखी म्हणाली. "आणि नाही कळलं तर ते जास्त वाईट. खोटा आवाज घरी न्यायचा आणि त्यांना रोज फसवायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. कंपनीचा डबा कुठे आहे?"

प्रफुल्ल ओशाळला. डबा फळीवर होता. त्यात त्याने नटबोल्ट भरून ठेवले होते. ते त्याने पत्र्यावर ओतले, डबा साबणाने धुतला, नवा फिल्टर घातला आणि वर, आपल्या मूळच्या जागी बसवला. गाडी सुरू झाली तेव्हा ती चालू आहे की बंद, हे पाहायला राखीला मीटरच्या काट्याकडे बघावं लागलं. तिला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही. प्रफुल्ल उगाचच बॉनेट पुसत राहिला.

संध्याकाळी गाडी कोपऱ्यावरून वळली. राखीने हॉर्न वाजवला नाही. घरात शिरली तेव्हा ओटा कोरडा होता आणि सुलाबाई भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली मेथी निवडत बसल्या होत्या. राखीला पाहून त्या दचकल्या.

"कधी आली तू? गाडी कुठंय?"

"बाहेर आहे. आई, पाइप काढला. पाणी शिरलं होतं. थोडक्यात इंजिन गेलं असतं."

"मोडला का?"

"नाही. चांगला होता. मीच काढायला लावला."

सुलाबाईंनी मेथीच्या दोन काड्या खुडल्या. मग हात थांबला.

"मंग आता आवाज नाय येनार."

"नाही."

राखी तशीच समोर उभी राहिली. मग सुलाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि गॅसपाशी गेल्या. चहात त्या दिवशी साखर पडली नाही. दोघींनी तो तसाच प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लताबाई डबा घेऊन नेहमीच्या जागी उभ्या होत्या. "बसला मरणाची गर्दी," असं म्हणून त्या बसल्या आणि ओझर येईपर्यंत गाडीच्या नव्या शांततेत मेमोबद्दल बोलत राहिल्या. राखी त्यांच्या साहेबांना भेटली, पुलाखालच्या पाण्याचं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, मेमो मात्र तसाच राहिला.

संध्याकाळी परतताना कोपऱ्यावर तिला वेग कमी करावा लागला. रस्त्याच्या कडेला प्लॅस्टिकची खुर्ची मांडून सुलाबाई बसल्या होत्या. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरलेला, चष्मा पदराने पुसून पुसून धुरकट झालेला. शेजारची चंद्रभागा हसत विचारत होती, "मावशे, रस्त्यात काय बसली? डास फोडतील ना."

"गाडीला आवाज नाय आता," सुलाबाई म्हणाल्या. "बघत बसाया लागतं."

पिवळी पाटी त्यांना दिसली. त्यांनी खुर्ची उचलली आणि गाडी दारात पोचायच्या आत आधण ठेवायला आत गेल्या.