टाकी दिसते का?

आमच्या विमानतळापासून ताईच्या गावचा विमानतळ एकशे शहाऐंशी किलोमीटर. विमानाने अडतीस मिनिटं. हे कचेरीच्या भिंतीवर मीच रंगवलंय आणि त्याचा कुणालाही उपयोग नाही, कारण तिकडे जायला विमानच नाही. रस्त्याने दोन दिवस. मध्ये नदी, आणि होडीवाला हिवाळ्यात होडी काढत नाही.

तिकडची धावपट्टी ठेवलीय ती आमची अडचण भागवायला. शहरातून आठवड्याला एक विमान आमच्याकडे येतं. इथे धुकं असलं की ते तिकडे उतरतं, आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येतं. धुकं किती, ते मी ठरवतो. खिडकीतून दीड किलोमीटरवरची पाण्याची टाकी दिसली, तर उतरा. नाही दिसली, तर ताईकडे जा.

एकोणीस वर्षांत टाकीबद्दल मी एकदाही खोटं बोललो नाही. एकदा खुद्द आमचे साहेब वर घिरट्या घालत होते, तरी नाही.

आईने मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ऐन धुक्याचा महिना निवडला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. शहरात जाताना तिच्या पिशवीत औषधाचे थेंब, काळा चष्मा आणि लोकरीची तीन टोपडी होती. ताईचं बाळ आठ महिन्यांचं. आईने त्याला फोनवरच पाहिलेलं, तेही अंधुक.

"टोपडी कशाला?" मी विचारलं.

"शहरात थंडी असते रे."

"तुझ्या डोक्यात बसतील?"

"तू आपली टाकी बघ," आई म्हणाली.

ती परत यायच्या दिवशी धुकं असं पडलं, की पुढे केलेला हात दिसेना. मला आनंद झाला, कबूल करतो. साडेनऊला विमान शहरातून सुटलं. टपालाची सहा पोती आणि प्रवासी एकच, आई. आणि सव्वादहाला मेलं धुकं विरायला लागलं. टाकीचे आधी पाय दिसले, मग पोट, मग वरचा कठडा. कठड्यावर चौकीदाराने लाल चादर वाळत घातली होती.

रेडिओ खरखरला. "टाकी दिसते का?" पायलट.

मी टाकीकडे बघितलं.

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

घरघर डोक्यावरून गेली आणि लांब लांब होत थांबली. मी रजिस्टरात लिहिलं: टाकी दिसत नाही. अक्षर चांगलं आलं.

दुपारी आईचा फोन आला. मागे बाळ केकाटत होतं.

"टोपडी लहान होताहेत," ती म्हणाली. "डोकं मामावर गेलंय."

मी म्हणालो, "धुकं फार होतं गं इकडे."

"हो ना," आई म्हणाली. "डॉक्टरांना कळव, ऑपरेशन उत्तम झालंय. आणि त्या चौकीदाराला सांग, धुक्यात चादर वाळत नाही."